वेंगुर्ला रॉक्स : खुल्या हंगामातील इतिहास आणि बंद हंगामातील पक्षी

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले बंदरापासून पश्चिम-वायव्येस सुमारे १४ किलोमीटर अंतरावर भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. इंग्रजी नकाशांत त्याची नोंद 'वेंगुर्ला रॉक्स' किंवा 'बर्न्ट आयलंड्स' या नावांनी आढळते. किनाऱ्यावरील लोक त्यातील मुख्य बेटास 'बंदरा' म्हणतात, तर निवतीच्या बाजूने पाहणारे त्यास 'निवती रॉक' या नावानेही ओळखतात. उत्तर-दक्षिण सुमारे तीन मैल पसरलेल्या या समूहात लहानमोठे वीसेक खडक असून त्यांपैकी मोजकेच आकाराने लक्षात येण्याजोगे आहेत. गोड्या पाण्याची वानवा, उतरण्यास अवघड कडे आणि चहूबाजूंनी उसळणारा समुद्र यांमुळे येथे गाव वसले नाही. शासकीय कागदपत्रांच्या भाषेत हे बेट 'निर्जन' होय.

हेच निर्जन बेट पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरील समुद्रपक्ष्यांचे एक अत्यंत महत्त्वाचे विणीचे ठिकाण आहे. आपल्या देशाच्या मुख्य भूमीलगत समुद्रपक्षी अंडी घालतात अशा जागा फारच थोड्या आहेत. किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणारे कुरव व सुरय यांपैकी बहुतेक दूर देशांतून आलेले पाहुणे असतात. वेंगुर्ला रॉक्सवरील काही पक्षी मात्र तेथेच जन्मलेले असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय या बेटाचा इतिहास हा असला तरी त्याचा मुख्य हेतू इतिहासाच्या साधनांविषयी एक प्रश्न उपस्थित करण्याचा आहे. या बेटाविषयी जे लिहिले गेले ते कोणत्या महिन्यांत पाहून लिहिले गेले? हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु कोकणचा समुद्र वर्षातून चार महिने माणसाला बंद असतो आणि बेटावरील काही पक्ष्यांचे जीवन नेमके त्याच महिन्यांत बहरते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व पटते. वेंगुर्ला रॉक्सचा लिखित इतिहास हा प्रामुख्याने खुल्या हंगामाचा इतिहास आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. या प्रतिपादनाचा आजच्या संरक्षणाच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

दर्यावर्दी साधने : खूण आणि धोका

या बेटांचा सर्वांत जुना संभाव्य उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात सापडतो. पश्चिम किनाऱ्याच्या वर्णनात या ग्रंथाच्या अज्ञात लेखकाने 'सेसेक्रिएनाई' नावाच्या बेटांचा निर्देश केला असून या भागात चाचे असतात, असे बजावले आहे. १९१२ साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणारे विल्फ्रेड शॉफ यांनी ही बेटे म्हणजे बहुधा वेंगुर्ला रॉक्स असावीत, असे मत दिले. हे मत सर्वमान्य नसले तरी ते ग्राह्य धरावयास आधार आहे. कारण दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या तारवाला हा समूह टाळता येत नाही.

पेरिप्लसकार आपल्याला पक्ष्यांविषयी काहीही सांगत नाही. त्याला सांगावयाचे होते ते बंदर, माल, वारा आणि धोका यांविषयी. त्याच्या वेळापत्रकाकडे मात्र आपण लक्ष द्यावयास हवे. मिसर देशातून निघणारी गलबते जुलै महिन्याच्या सुमारास सुटत व नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या शेवटच्या टप्प्याचा लाभ घेऊन आपल्या किनाऱ्यावर पोहोचत. परतीचा प्रवास ईशान्य वाऱ्यांवर होई. म्हणजे या दर्यावर्दींना कोकणचा किनारा दिसे तो पावसाळा सरल्यानंतर.

पुढे पोर्तुगीज आले. त्यांनी या खडकांना 'जळकी बेटे' या अर्थाचे नाव दिले व तेच इंग्रजीत 'बर्न्ट आयलंड्स' झाले. १५३८-३९ साली जुवांव द कास्त्रो याने गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचे प्रसिद्ध सागरी वर्णन तयार केले. त्याचा प्रवास नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतला होता. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात डचांनी, म्हणजे आपल्या बखरींतील वलंदेजांनी, वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे भग्नावशेष आजही तेथे उभे आहेत. या वखारीच्या आधाराने त्यांचे आरमार गोव्याची नाकेबंदी करी. तीही पावसाळा संपल्यावर सुरू होई आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी उठे.

तात्पर्य, ग्रीक, पोर्तुगीज व डच या तिघांच्याही दृष्टीने हे बेट म्हणजे ऑक्टोबर ते मे या काळात दिसणारी एक खूण आणि एक धोका होता. जून ते सप्टेंबर या काळातील बेट त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हते.

दीपगृह आणि पक्षिशास्त्र

१८१२ साली वेंगुर्ले सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे आले. घाटावरून बेळगावकडे जाणाऱ्या मालाचे हे बंदर असल्याने एकोणिसाव्या शतकात तेथील वाहतूक वाढली व त्या शतकाच्या उत्तरार्धात या खडकांवर दीपगृह उभारले गेले. 'निर्जन' बेटावर माणूस राहू लागला तो दिवा जळत ठेवण्याच्या कामासाठी. बेटाच्या निर्जनतेविषयी बोलताना ही बाब नजरेआड करता येणार नाही.

दीपगृहांची व्यवस्था आणि पक्ष्यांचे शास्त्रीय निरीक्षण या दोन गोष्टी येथे एकमेकींशी अनपेक्षितपणे जोडल्या गेल्या. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे ते राष्ट्रीय सभेच्या संदर्भात. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत, गिरगावपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गोवालिया टँक येथील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात सभेचे पहिले अधिवेशन भरले आणि ते भरवण्यात ह्यूम यांचा मोठा वाटा होता. परंतु त्याच्या दहा वर्षे आधी हेच ह्यूम हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव आणि देशातील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते. १८७५ च्या आरंभी ते 'क्लाइड' या सर्वेक्षण जहाजातून लक्षद्वीप व पश्चिम किनारा यांच्या सफरीवर निघाले. सफरीचा सरकारी उद्देश दीपगृहांसाठी जागांची पाहणी हा होता. ह्यूम यांचा स्वतःचा उद्देश पक्षी हा होता. या सफरीचा वृत्तांत त्यांनी आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८७६ साली प्रसिद्ध केला. वेंगुर्ला रॉक्सचा त्यात समावेश आहे.

ह्यूम या खडकांवर उतरले तो महिना फेब्रुवारी होता. बेटावर विपुल संख्येने विणणारा लगामी सुरय हा पक्षी साधारणतः मे ते ऑगस्ट या काळात अंडी घालतो. डोळ्यांवरून जाणारी काळी पट्टी घोड्याच्या लगामासारखी दिसते, म्हणून त्यास हे नाव. विणीचा काळ सोडला तर हा पक्षी किनाऱ्याकडे फारसा फिरकतच नाही. उघड्या समुद्रावर तो महिनोन्महिने काढतो व तरंगणाऱ्या ओंडक्यांवर विसावतो. त्यामुळे फेब्रुवारीत बेटावर उतरलेल्या निरीक्षकाच्या हाती लागू शकत होत्या त्या सरून गेलेल्या हंगामाच्या खुणाच. हिंदुस्थानातील सर्वांत कुशल पक्षिशास्त्रज्ञालाही समुद्राने आपल्या वेळापत्रकाबाहेर जाऊ दिले नाही.

ह्यूम यांच्या पाठोपाठ १८८० साली जी. डब्ल्यू. व्हिडाल या सनदी अधिकाऱ्याची दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी 'स्ट्रे फेदर्स'मध्येच प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी हा खंड बाहेर पडला. कोकणच्या कोणत्याही अभ्यासकाचे पहिले पाऊल आजही या खंडावरच पडते. परंतु गॅझेटियर हे जिल्हाधिकाऱ्याच्या दौऱ्यांतून आणि कचेरीच्या दप्तरातून घडलेले साधन आहे आणि कोकणात दौऱ्याचा हंगाम पावसाळ्यानंतरच सुरू होई, याचे भान ठेवून ते वाचले पाहिजे.

पाकोळी : महसुलाच्या वहीतला पक्षी

याच बेटावर आणखी एका पक्ष्याची वस्ती आहे. ती भारतीय पाकोळीची. गुहेच्या काळोखात टकटक असा ध्वनी काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधणारा हा लहानसा पक्षी आपल्या लाळेने घरटे बांधतो. आग्नेय आशियातील त्याच्या भाईबंदांच्या शुभ्र घरट्यांना चिनी पाकशास्त्रात फार मोल आहे. आपल्याकडील पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर पिसे व शेवाळ मिसळलेले असल्याने ते हलक्या प्रतीचे मानले जाते. तरीही त्याला बाजार होता आणि त्यामुळे या बेटावरील घरट्यांना किंमत होती. घरटी काढण्याचा हक्क मक्त्याने दिला जात असे. म्हणजे बेट निर्जन असले तरी निरुपयोगी नव्हते. महसुलाच्या वहीत त्याला जागा होती.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पाकोळीची वीण साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. समुद्र शांत असतो तेव्हाच ती घरटी बांधते. त्यामुळे घरटी काढणारा माणूस तिच्यापर्यंत पोहोचू शकतो आणि अभ्यासकही पोहोचू शकतो. पाकोळीविषयीची माहिती तुलनेने बरी मिळते ती यामुळे. लगामी सुरय मात्र पावसात विणतो. त्याच्यापर्यंत मक्तेदार पोहोचला नाही, तसा नोंदकर्ताही क्वचितच पोहोचला.

अशा रीतीने एकाच बेटावरील दोन पक्ष्यांच्या वाट्याला दोन वेगळे इतिहास आले. पाकोळी कागदावर आली, कारण ती लुटली जाऊ शकत होती. सुरय कागदावर विरळ राहिला, कारण समुद्राने त्याचे रक्षण केले. जे दप्तरात ठळकपणे दिसते ते बरेचदा ज्याला माणसाचा हात लागला तेच असते, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना नवीन नाही. शेतसाऱ्याच्या कागदांत रयत दिसते ती सारा देणारी म्हणून. येथे तोच न्याय पक्ष्यांना लागू पडतो.

मुंबईची दृष्टी

वेंगुर्ला रॉक्सविषयीचे विसाव्या शतकातील ज्ञान मुख्यतः मुंबईत घडले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले व त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोघे भारतीय होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. गिरगावच्या सुधारक वर्तुळातील ही दोन नावे निसर्गविद्येच्या प्रारंभाशीही निगडित आहेत, हे आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात क्वचितच नमूद होते. १८८६ पासून या संस्थेचे जर्नल निघू लागले. पुढे गिरगावातील खेतवाडीत वाढलेले सालिम अली या संस्थेचे सर्वांत विख्यात नाव ठरले.

वेंगुर्ला रॉक्सच्या संदर्भात मात्र मान जातो तो सालिम अलींचे आप्त व सहकारी हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) यांच्याकडे. वेंगुर्ल्याचे सुरय व पाकोळ्या या विषयावरील त्यांचा लेख संस्थेच्या जर्नलमध्ये १९४२ साली प्रसिद्ध झाला. बेटावरील या दोन्ही प्रकारच्या पक्ष्यांना एकाच लेखात समान स्थान मिळाले, हे या लेखाचे महत्त्व. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९८३ मध्ये, याच बेटावरील पारवे, पाकोळ्या व सुरय यांवर त्यांनी पुन्हा लिहिले. एका माणसाने चार दशकांच्या अंतराने एकाच दुर्गम जागेविषयी लिहावे, ही आपल्याकडील निसर्ग-नोंदींच्या परंपरेत दुर्मीळ गोष्ट आहे. २००३ साली गोव्यातील पक्ष्यांचे अभ्यासक हाइन्झ लाइनर यांनी येथील तुरेवाल्या मोठ्या सुरयाच्या वसाहतीविषयी त्याच जर्नलमध्ये लिहिले, पुण्याचे डॉ. सतीश पांडे यांनीही त्याच सुमारास या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. हा सुरय उघड्या खडकावर, परस्परांना जवळजवळ खेटून वसाहत करतो. लगामी सुरय आपले एकुलते अंडे कपारीत वा दगडाच्या आडोशाला घालतो. माणूस उतरताच पहिल्याची संपूर्ण वसाहत एकाच वेळी उठते व अंडी उन्हात उघडी पडतात, हे सांगितले म्हणजे अशा भेटींचे परिणाम ध्यानात येतील.

मुंबईची या बेटाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी होती आणि ती अभ्यासकाची नव्हती. परळ, लालबाग, शिवडी या भागांतील गिरण्यांत राबणाऱ्या हजारो चाकरमान्यांची गावे मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी त्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने गावी नेत. वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या उतारूला या खडकांवरचा दिवा ही गाव जवळ आल्याची खूण वाटली असल्यास नवल नाही. परंतु ही आगबोटही पावसाळ्यात बंद असे. म्हणजे पेरिप्लसकारापासून गिरणी कामगारापर्यंत, दोन हजार वर्षांच्या अंतराने आलेल्या सर्वांना हे बेट दिसले ते त्याच्या एकाच ऋतूत.

बंद हंगाम : निसर्गाचा आणि कायद्याचा

कोकणातील मच्छीमार समाजांना हा बंद हंगाम शिकवावा लागला नाही. जूनच्या आगेमागे होड्या वर ओढल्या जातात, त्यांवर झावळ्यांचे छप्पर पडते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यावर दर्या पुन्हा खुला होतो. गाबीत असोत वा कोळी, ही शिस्त त्यांच्या जगण्याचाच भाग होती. माशांच्या विणीला तिचा लाभ होई, तसाच बेटावरील सुरयालाही होई. या रक्षणाला कोणी संरक्षण म्हटले नाही, कारण ते कोणी केलेच नव्हते. तो समुद्राचा धाक होता.

कायद्यात बंद हंगामाची कल्पना नंतर आली. इंग्लंडमध्ये किनाऱ्यावरील कड्यांवर विणणाऱ्या समुद्रपक्ष्यांची करमणुकीखातर व पिसांसाठी एवढी शिकार होऊ लागली की १८६९ साली तेथील संसदेस समुद्रपक्षी संरक्षण कायदा करावा लागला व १ एप्रिल ते १ ऑगस्ट असा बंदीकाळ ठरवावा लागला. हिंदुस्थानात १८८७ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा आला, पण त्याचा अंमल नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीपुरता होता; भर समुद्रातील खडकाशी त्याचा संबंध नव्हता. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना बंदीकाळ जाहीर करण्याचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला व त्याच्या घडणीत हुमायून अब्दुलअलींचा महत्त्वाचा वाटा होता. अखेर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संपूर्ण देशासाठी एक चौकट दिली.

या साऱ्या कायद्यांचा भर प्राण्याला मारण्यावर वा पकडण्यावर बंदी घालण्यावर आहे. बेटावर पाय ठेवणे हीच हानी ठरू शकते अशा जागेसाठी ही चौकट अपुरी पडते. शिवाय कायदा असूनही तो भर समुद्रात पाळला जातो की नाही हे पाहणार कोण, हा प्रश्न उरतोच. याचा प्रत्यय २००१ च्या सुमारास आला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेंगुर्ला रॉक्सवरील पाकोळीच्या घरट्यांची चोरटी तस्करी उजेडात आणली व पुढे या पक्ष्याच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. हीच संस्था पुढे वेळास येथील सागरी कासवांच्या कामामुळे सर्वतोमुखी झाली. एकोणिसाव्या शतकात जो व्यवहार मक्त्याने चाले, तो आता चोरून चालू होता. ज्या पक्ष्याचा इतिहास लुटीमुळे लिहिला गेला, त्याचे संरक्षणही लुटीच्या शोधातूनच सुरू झाले.

वर्तमानाचा प्रश्न

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत वेंगुर्ला रॉक्सच्या या बेटाचा समावेश आहे. त्याच यादीत परळपासून जवळच असलेली, रोहितांसाठी प्रसिद्ध झालेली माहुल-शिवडीची खाडीही आहे. शिवडीचे रोहित पाहावयास मुंबईकर हजारोंनी जातात; वेंगुर्ल्याच्या सुरयाचे नाव त्यांच्या कानावर नसते. अशा यादीत नाव येणे ही शास्त्रीय मान्यता होय. तिच्यामुळे कायद्याचे कवच मिळत नाही. १९८७ साली घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य याच जिल्ह्यात आहे, परंतु सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्रात हे खडक येत नाहीत.

दरम्यान समुद्राचा धाक ओसरत चालला आहे. यांत्रिक नौका, अचूक हवामान अंदाज आणि हाताशी असलेला भ्रमणध्वनी यांमुळे खुला हंगाम दोन्ही टोकांनी वाढतो आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर किनाऱ्यावर पाणबुडी पर्यटन व नौकाविहार यांची झपाट्याने वाढ झाली. २०२५ साली नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवती रॉकच्या परिसरात समुद्रतळाशी ठेवून पर्यटन केंद्र उभारण्याच्या प्रकल्पासाठी राज्याकडे सोपवण्यात आली. किनाऱ्यावरील तरुणांना रोजगार मिळावा ही अपेक्षा न्याय्यच आहे व प्रस्तुत लेखाचा त्यास विरोध नाही. परंतु ज्या परिसराकडे पर्यटकांचा ओघ वळवावयाचा आहे तेथे मे महिन्यात कोण असते, हे नियोजनाच्या टिपणात लिहिलेले असावयास हवे. ते लिहावयाचे तर माहिती हवी. आणि माहितीच्या बाबतीत आपण अजूनही खुल्या हंगामाच्या नोंदींवर विसंबून आहोत.

धोका नेमका येथे आहे. दप्तरात पक्षी दिसत नाहीत म्हणून बेट रिकामे आहे, असा निष्कर्ष निघू शकतो. ऑक्टोबरात वा फेब्रुवारीत पाहणी करून कोणी 'वीण आढळली नाही' असा प्रामाणिक अहवाल दिला, तरी तो अहवाल वस्तुस्थितीच्या दृष्टीने दिशाभूल करणारा ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, 'निर्जन' हा शब्द या बेटाचे वर्णन म्हणून अपुरा आहे. दर्यावर्दी, मक्तेदार, दीपगृहाचे कर्मचारी, अभ्यासक व तस्कर या सर्वांचे पाय या खडकाला लागले आहेत; तेथे नव्हते ते फक्त गाव. दुसरी, बेटावरील सुरयांना आजवर तारले ते प्रामुख्याने मोसमी वाऱ्याने. ते नैसर्गिक कवच विरळ होत असेल, तर त्याची जागा नियमाने घ्यावी लागेल. विणीच्या महिन्यांत बेटावर उतरण्यास स्पष्ट मनाई करणारा बंद हंगाम हा त्यावरील साधा व परंपरेशी सुसंगत उपाय आहे. किनाऱ्यावरील समाजाला ही कल्पना परकी वाटणार नाही. नारळी पौर्णिमेच्या मागे उभी असलेली समजूत तीच आहे.

तिसरी गोष्ट आपणा अध्यापकांच्या कक्षेतील आहे. बंद हंगामात या बेटावर माणूस मुळीच नव्हता असे नाही. दिव्यापाशी नेमलेले कर्मचारी होते. त्यांच्या रोजनिशा, त्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी, पावसाच्या तोंडावर शेवटची फेरी मारणाऱ्या गाबीत मच्छीमारांचे अनुभव, आगबोटीने प्रवास केलेल्या वृद्ध चाकरमान्यांचे कथन ही सारी साधने इतिहास विभागांच्या आवाक्यातली आहेत. यांतील शेवटचे साधन तर लालबाग-परळच्या चाळींत आजही भेटू शकते, पण फार काळ भेटणार नाही. प्राणिशास्त्र विभागाने पक्षी मोजावेत आणि इतिहास विभागाने आठवणी नोंदवाव्यात, अशी वाटणी करून एखाद्या महाविद्यालयाने हे काम अंगावर घेतले, तर बहुविद्याशाखीय संशोधन या शब्दाला काही अर्थ प्राप्त होईल.

दरवर्षी पावसाळ्याच्या वादळात एखादा थकलेला लगामी सुरय मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन पडतो. तो कोठून आला असेल, हे विचारणाऱ्याला उत्तर देण्याइतकी माहिती आपल्यापाशी असली पाहिजे. ती मिळवावयाची तर पुढील नोंदी जून ते सप्टेंबर या महिन्यांच्या असाव्या लागतील.